दोष गाडीचाच

सरांच्या घरी आमटी वाटीनं वाढत. पळी होती, चांगली पितळेची, वहिनींच्या माहेरून आलेली. पण एका रविवारी सरांनी तिला भोकं पाडली. म्हणजे पाडायची होती ती फक्त दांड्याला. "ह्या मधल्या पितळंचं काम काय? नुस्तं बसून खातंय," असं म्हणत त्यांनी हातड्रिल फिरवायला सुरुवात केली, आणि तंद्रीत हात खाली कधी सरकला ते त्यांना कळलंच नाही. वहिनींनी पळी उजेडात धरली, तिच्यातून अंगणातली तुळस बघितली आणि एवढंच म्हणाल्या, "झारा होता घरात."

हे आमचे मशीन ड्रॉइंगचे सर. मी सांगलीच्या कॉलेजात गणित शिकवायला लागले तेव्हा स्टाफरूममध्ये बाई अशी मी एकटीच. बाकीचे प्राध्यापक मला बघून एकदम सभ्य मराठी बोलायला लागत आणि त्यामुळे फारसं बोलतच नसत. सर मात्र पहिल्याच दिवशी उठले, खिशातून ताणकाटा काढला, टेबलावरची माझी पर्स त्याच्या आकड्याला अडकवली आणि काटा वाचून म्हणाले, "बाई, ह्यात वरवंटा घालून आणलाय का काय?"

वजन हा त्यांचा शत्रू होता. सायकलच्या मडगार्डला भोकं, पट्टीला भोकं, छत्रीच्या मुठीला भोकं. लग्नाला गेले तर नवऱ्या मुलाच्या हाराखाली हात घालून त्याचा अंदाज घेत. "जे काम करत न्हाई त्ये काढा" हे त्यांचं एकच तत्त्व, आणि ते ड्रॉइंगपासून भाषणापर्यंत सगळ्याला लावत. कॉलेजच्या समारंभात एकदा पाहुण्यांचं भाषण लांबलं, तेव्हा पहिल्या रांगेतून त्यांनी शेजाऱ्याला "ह्याच्यात लय लोखंड हाय" असं सांगितलं आणि ते पाहुण्यांपर्यंत गेलं.

मूळचे ते कुंडलचे. घर शेतकऱ्याचं, उसाचं. पण थोरल्या भावानं नांगर धरला आणि हे लष्करात गेले. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणींबरोबर इटलीत होते, ट्रक दुरुस्त करणाऱ्या तुकडीत. परत आल्यावर नोकरी करता करता शिकले, डिप्लोमा केला, पुढं डिग्रीही केली. पण बोली बदलली नाही. "भाषा बदलून गाडी पळती का?" म्हणायचे.

आणि गाडी म्हणजे एकच. इटलीतल्या एका कारखान्यात युद्धाच्या आधी बनलेली, शर्यतीची, दोन माणसं बसतील अशी. तिथल्या एका खेड्यात म्हाताऱ्या मेकॅनिकनं ती जर्मनांपासून लपवून ठेवली होती. कुठं लपवली होती हे मात्र दर वेळी बदले. कधी गवताच्या गंजीत, कधी लाकडांच्या ढिगाखाली, एकदा तर चर्चच्या तळघरात. मी एकदा हटकलं तर म्हणाले, "बाई, लपीवली व्हती हे नक्की हाय. कुठं, ते त्या म्हाताऱ्यानं मलाच तीन परकारानं सांगितलं. त्यो सुद्धा लपवायला शिकलेला मानूस." जर्मन गेल्यावर ती बाहेर काढून जोडायची होती. म्हाताऱ्याची मुलं युद्धात गेलेली, म्हणून हे रोज सुट्टीच्या वेळात त्याच्याकडं जात. त्याला इंग्रजी येत नव्हतं, ह्यांना इटालियन. पाना, हातोडी, डावं, उजवं, सावकाश, शाबास, एवढ्या शब्दांवर दोघांनी अख्खं इंजिन उभं केलं.

त्यांचा तास माझ्या शेजारच्या वर्गात असायचा. भिंतीपलीकडून हशा आला की मला माझं समाकलन थांबवावं लागे. एकदा मी सरळ त्यांच्या वर्गात मागं जाऊन बसले. सर फळ्याच्या एका टोकाला खडू टेकवून उभे होते. एकदम पळत सुटले, आणि फळ्याच्या दुसऱ्या टोकाला थांबले तेव्हा मागं एकच रेघ होती. गाडीचं नाक, त्यावरून लांब बॉनेट, माणसाच्या खांद्याशी थोडा उठाव आणि मग शेपटीकडं उतरत गेलेली. 

"ही रेघ कुनी इंजिनेरानं न्हाई काढली," सर म्हणाले. "वाऱ्यानं काढलीया. त्या लोकांनी फक्त वाऱ्याला आडवं यायचं टाळलं."

मग खिशातला पंचा काढला, कोपऱ्यातल्या घागरीत भिजवला आणि दोन पोरांना दोन टोकं धरून पिळायला लावलं. "आट शिलिंडर एका वळीत. मग आतला दांडा किती लांब? लांब कापड पिळलं की काय हुतं? पीळ बसतो. इंजनानं जोर केला की दांड्याला तसाच पीळ बसतो आन् शेवटी तुटतो. मग त्या कारखान्यातल्या म्हाताऱ्यांनी काय केलं?" सरांनी पुढं होऊन पंचा बरोबर मधोमध मुठीत धरला. "चार हिकडं, चार तिकडं, आन् वरच्या झडपा हालवायचे गिअर मधी घातले. आता पिळा. बसतोय का पीळ?"

तसंच गिअरबॉक्सचं. इंजिन पुढं, मग गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी का, तर कावडीच्या दोन्ही घागरी एकाच बाजूला बांधून कोणी चालतं का? इंजिनात जास्तीची हवा कोंबणारे दोन ब्लोअर म्हणजे लोहाराचे दोन भाते. आणि अंग म्हणजे पतंग. बोटाएवढ्या नळ्यांच्या कामट्या, वर कागदासारखा ॲल्युमिनियमचा पत्रा. नळी पोलादाची, पत्रा ॲल्युमिनियमचा, दोघं चिकटले की एकमेकांना खातात, म्हणून मध्ये कापडाची पट्टी. "भावकीत असावी तशी," असं ते पुढं जोडत.

प्रिन्सिपॉल एकदा वैतागून म्हणाले, "अहो, सिलॅबसमध्ये लेथचा टेलस्टॉक आहे. रेसिंग कार नाही."

"शिकवतो की सायेब," सर म्हणाले. "पर आधी पोरास्नी जेवायची इच्छा तर हुंद्या."

टेलस्टॉक त्यांनी एका तासात शिकवला आणि परीक्षेत तो सगळ्यांना आला.

माझं माहेर वाईचं. एका दिवाळीत मी घरी गेले असताना वडील बोलता बोलता म्हणाले की आपल्या अलीकडच्या गावात इनामदारांच्या गोठ्यात एक जुनी विलायती गाडी पडली आहे, आणि माधवनगरचा एक भंगारवाला ती पत्र्यासाठी उचलणार आहे. वितळवून भांडी करणार. मी सहज विचारलं, "कुठली गाडी?" वडिलांना ठाऊक नव्हतं, एवढंच म्हणाले, "बॉनेट लांबच लांब आहे, आणि चाकांना सायकलसारख्या तारा."

सांगलीला परतल्यावर मी हे सरांना सांगितलं. ते चहा पीत होते. कप खाली ठेवला, ताणकाटा खिशात आहे का ते चाचपलं आणि विचारलं, "साताऱ्याची यष्टी किती वाजता?"

पुढच्या रविवारी आम्ही गेलो. वहिनींनी बरोबर दशम्या दिल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ती नसली, तर यांना तिथून हळूच आणा. आणि असली, तर जास्तच सांभाळून आणा."

ती होती. त्याच कारखान्याची, त्याच घडणीची, गोठ्याच्या शेवटच्या खणात, कडब्याच्या पेंढ्यांमागं, तळवटाखाली. तळवट स्वच्छ झटकलेला होता. ते काम बापूंचं. बापू म्हणजे इनामदारांचे जुने ड्रायव्हर, लष्करातून आलेले, आता साठी उलटलेली. त्यांनी तळवट ओढला आणि सर जागच्या जागी उभे राहिले. पुढचं डावं चाक नव्हतं. तिथं लाकडी ओंडका होता. डावं मडगार्ड चुरगळलेलं, नाक आत गेलेलं. सरांनी त्याकडं पाहिलंच नाही. दोन बोटांनी बॉनेट उचललं, आणि वाकून आत बघत बराच वेळ तसेच राहिले. मी जवळ गेले तर म्हणाले, "मधी धरलंय बघा, बाई."

आईसाहेबांनी आम्हाला ओसरीवर बोलावलं. इनामदारांच्या पत्नी, पन्नाशीच्या, पांढरं पातळ, बोलणं मोजकं. त्यांनी स्पष्टच सांगितलं. इनामदारांनी ही गाडी मुंबईला एका संस्थानिकाकडून घेतली होती आणि पाचवडच्या फाट्यापुढं एका सकाळी ती रस्ता सोडून वडावर आदळली. ते जागच्या जागी गेले.

"लोकांनी त्यांना सोडलं नाही, मास्तर," आईसाहेब म्हणाल्या. "कुणी म्हणालं, प्यायले होते. कुणी म्हणालं, मस्ती होती पैशाची. माझ्या माहेरीसुद्धा हेच बोललं गेलं. मी इतकी वर्षं ही गाडी विकली नाही ती आवडते म्हणून नव्हे. कुणीतरी येईल आणि सांगेल, म्हणून. आता भंगारवाल्याला हो म्हटलंय. तुम्ही जाणकार आहात असं या बाई सांगतात. नेण्याआधी बघून एवढंच सांगा, दोष गाडीचा होता की ह्यांचा?"

सर म्हणाले, "सांगतो. दोन रविवार द्या."

त्या पहिल्या दिवसभर ते गाडीखाली झोपून होते. स्टिअरिंगचे सांधे तपासले, ब्रेकच्या नळ्या तपासल्या, आस बघितला. बापू शेजारी उकिडवे बसून कंदील धरत होते आणि आपल्या धन्याबद्दल बोलत होते. दारू? कधी थेंब नाही. जोरात? जोरात तर जायचेच, पण हात असा की दह्याचं मडकं मांडीवर ठेवावं.

दुसऱ्या रविवारी सर पुढच्या उजव्या चाकाकडं वळले. तारांचं चाक मधल्या एकाच मोठ्या नटानं हबवर धरलेलं असतं. त्या नटाला दोन कान असतात, हातोडीनं ठोकून तो घट्ट करायचा. सरांनी कानावर हात ठेवला आणि नट हातानंच फिरला. हातोडी लागलीच नाही. सर थबकले. नट काढला, चाक उतरवलं, हबचे आटे रुमालानं पुसले आणि कंदील मागितला. मग ओंडक्यावरचा डावा हब पुसून बघितला. परत उजवा.

"बापू," त्यांनी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ही हबं कवा खोलली व्हती का हो?"

"म्या खोलली व्हती की," बापू अभिमानानं म्हणाले. "आदल्याच दिवशी. बेरिंग वाजत व्हतं, मुंबैवरनं नवं मागवलं. त्याआधी समदं मुंबैच्या गॅरेजात हुयाचं, पर मालक म्हनले, बापू तूच कर. म्हनून म्या केलं. आन् गडबड न्हाई केली, साहेब. हबांवर अक्षरं हायती बगा. लष्करात इंग्रजी अक्षरं शिकलो व्हतो. एकावर यस, एकावर डी. डी म्हंजी डावं. वाचून बसीवलं."

मी सरांकडं बघितलं. ते हातातल्या नटाकडं बघत होते.

"च्या मिळंल का बापू?" ते म्हणाले.

बापू गेल्यावर सरांनी मला जवळ बोलावलं आणि अक्षर दाखवलं. डाव्या हबवर बारीक कोरलेला डी. "बाई, हे देस्त्रा," ते हळू म्हणाले. "त्यांच्या भाषेत उजवं. यस म्हंजी सिनिस्त्रा, डावं. एका बाजूचे आटे सरळ, एका बाजूचे उलटे. का, तर चाक पळताना नट आपला आपण आवळत जावा. जितकी जोरात पळंल तितका घट्ट. लय डोकं लावलंय त्यांनी. पर हबं अदलाबदल झाली, की पळताना त्योच नट आपला आपण सुटत जातो." ते थांबले. "डावा सुटला. ह्यो उजवा बी सुटायच्या वाटंवर व्हता."

दारूचा दोष नव्हता, वेगाचा नव्हता, गाडीचा तर नव्हताच. एका अक्षराचा होता. आणि ज्यानं ते अक्षर काळजीनं वाचलं होतं, तो माणूस आमच्यासाठी चहाला आलं किसत होता.

दुपारी ओसरीवर बसलो. बापू चहा ठेवून खांबाला टेकून उभे राहिले. आईसाहेबांनी चहाला हात लावला नाही.

"इनामदारांचा दोष नव्हता," सर म्हणाले. "मी शपथंवर सांगतो. त्यांचं गाडी हाकणं चुकलं न्हाई. पुढचं चाक निखळलं. द्येव बसला असता तरी गाडी वडावर गेली असती."

आईसाहेबांनी डोळे मिटले. उघडले आणि विचारलं, "म्हणजे गाडीचा?"

हा माणूस यंत्राबद्दल खोटं बोललेला मी कधी पाहिला नव्हता. मुलाखतीला आलेल्या मोठ्या साहेबांना त्यांनी तुमचं ड्रॉइंग चुकलंय असं तोंडावर सांगितलं होतं. प्रिन्सिपॉलच्या नव्या मोटारीला डबा म्हटलं होतं. त्यांनी खांबाकडं एकदाही पाहिलं नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"व्हय," ते म्हणाले. "दोष गाडीचाच. चाकाच्या आट्यात मूळचीच खोट राहिली व्हती. कारखान्यातनं येतानाच."

मला वाटलं, आता भंगारवाला येणार. सरांनाही तेच वाटलं असणार, कारण त्यांनी मान खाली घातली होती. पण आईसाहेब गोठ्याकडं बघत म्हणाल्या, "माणसाचा दोष असता तर आता काय करू शकले असते मी? गाडीचा आहे तर काढता येतो ना, मास्तर?"

सरांनी वर पाहिलं. "येतो की," ते म्हणाले.

"मग काढा."

परतीच्या एस.टी.त कऱ्हाड आलं तेव्हा मीच न राहवून म्हटलं, "सर, त्यांनी खरं विचारलं होतं."

"खरं हेच, की त्यांच्या मालकाचा दोष न्हवता. ते दिलं त्यांना."

"पण उरलेलं?"

"उरलेलं कुनाच्या गळ्यात बांदू? त्या म्हाताऱ्याच्या?" त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. उसाचे तुरे पांढरे झाले होते. "आवं बाई, गाडीला अब्रू नसती. तिच्यावर ढकललं तर तिला काय लागतंय?" सांगली येईपर्यंत त्यांचा चेहरा असा होता, जणू पोटच्या पोरीबद्दल चारचौघांत वाईट बोलून आले आहेत.

मग कामाला सुरुवात झाली. चुरगळलेलं मडगार्ड सरांनी एस.टी.च्या टपावर टाकून सांगलीला आणलं. कंडक्टरनं सामानाचं तिकीट मागितलं, तर ताणकाट्याला अडकवून त्याला दाखवलं, की हे तुझ्या पिशवीपेक्षा हलकं आहे. कंडक्टर म्हणाला, "हलकं हाय, पर लांबी बगा की मास्तर," आणि तिकीट फाडलंच. हातोडीनं पत्रा घडवणारं गॅरेज नव्हतं. सरांनी ते घंगाळं ठोकणाऱ्या एका तांबटाकडं नेलं आणि पहिल्यांदा साबणाची वडी मागितली.

तांबट म्हणाला, "आंघोळ हितंच करताय व्हय?"

सरांनी पत्र्यावर साबण घासला आणि भट्टीवर धरला. "ह्ये काळं पडलं की थांबायचं," त्यांनी सांगितलं. "मग पत्रा मऊ. त्याच्या पुढं गेला, की वितळून पायावर." हे त्या इटालियन म्हाताऱ्यानं शिकवलेलं. पहिला तुकडा तरीही वितळला, कारण साबणाबद्दल दोघांचं भांडण चाललं होतं. पुढं मात्र त्या दोघांची अशी गट्टी जमली की मडगार्ड झाल्यावरही सर तिथं जाऊन बसत. नळ्यांवर गुंडाळायच्या पट्ट्यांसाठी वहिनींनी स्वतःचं जुनं लुगडं दिलं. "पळीपेक्षा हे बरं," म्हणाल्या. हरवलेला नट सरांनी कॉलेजच्या लेथवर केला, आणि त्या निमित्तानं पोरांना टेलस्टॉकही पुन्हा एकदा दाखवला.

हबांचं काम त्यांनी वेगळं केलं. त्या दिवशी बापूंना ग्रीस आणायला वाईला पाठवलं आणि ग्रीस कुठल्या दुकानातलं हवं ते इतकं बारकाईनं सांगितलं की दोन तास तरी लागावेत. मग हब खोलले, ज्या बाजूचा त्या बाजूला आणला. बसवण्याआधी पिशवीतून कानस काढली. मला कळेना काय चाललंय. ह्या गाडीवरचा एकेक शिक्का त्यांना देवाच्या पायांसारखा होता. इंजिनवरची अक्षरं ते ब्रशनं धूळ काढून वाचत. त्या माणसानं डी आणि यस, दोन्ही अक्षरं कानशीनं घासून सपाट केली. घासताना मान वळवली होती.

"कधी तरी कुनी तरी त्यास्नी अर्थ सांगंल," ते म्हणाले. "नकोच ते."

गाडी सुरू झाली ती उन्हाळ्याच्या सुट्टीत. पेट्रोल तेव्हा महागलं होतं, आईसाहेबांनी तरी दोन डबे मागवून ठेवले. सुरुवातीला ती खोकली, एका अंगानं पेटली, दुसऱ्या अंगानं रुसली. सरांनी कार्ब्युरेटरवर कान ठेवून स्क्रू फिरवला आणि एकदम आठही सिलिंडर एका सुरात आले. गोठ्यातल्या म्हशी दावी तोडायला लागल्या. गावातली माणसं कुंपणाशी गोळा झाली. सरांनी दोन्ही हात छातीवर घट्ट धरले होते.

आईसाहेब पायऱ्या उतरून आल्या. "मास्तर, पहिला मान तुमचा," त्या म्हणाल्या. "बसा."

तीस वर्षं हा माणूस हिच्याशिवाय दुसरं काही बोलला नव्हता, आणि हिच्या स्टिअरिंगला त्यानं कधी हात लावला नव्हता. इटलीत गाडी जुळली त्याच आठवड्यात त्यांची तुकडी हलली होती. मला वाटलं, आता उडी मारून बसतील. त्यांनी मान हलवली.

"बापू हाकतील," ते म्हणाले. "तुमी शेजारी बसा, आईसाहेब."

बापू मागं सरकले. सरकत सरकत भिंतीला टेकले. "माज्या हातनं नगं," ते म्हणाले, आणि मग सगळ्यांसमोर, गावासमोर, त्यांचा आवाज फुटला. "आईसायेब, त्या दिवशी चाकं म्या बसीवली व्हती. आदल्या दिवशी म्याच. इतकी वर्सं कुनी इचारलं न्हाई म्हनून बोललो न्हाई. माजंच कायतरी चुकलं आसंल. मास्तर म्हनले गाडीचा दोष, पर तवापासनं मला झोप न्हाई."

आईसाहेबांनी बापूंकडं पाहिलं आणि मग सरांकडं. ती नजर मी विसरलेले नाही. त्यांना आत्ता, ह्या क्षणी, उत्तर हवं होतं.

सर बापूंसमोर जाऊन उभे राहिले. "बापू, इकडं बगा. चाकं म्या खोलली. नट म्या बघितलं. तुमी बसीवलेलं समदं नीट व्हतं. वाचून, काळजीनं बसीवलेलं व्हतं. खोट गाडीत व्हती. ती म्या काढली." त्यांनी बापूंचा हात धरून स्टिअरिंगवर ठेवला. "आता शंका नगं. हाका."

बापू बसले. आईसाहेबांनी पदर डोक्यावरून घेऊन खांद्याला खोचला आणि शेजारी बसल्या. गाडी फाटकातून बाहेर पडली.

सर रस्त्यावर आले नाहीत. आवारातल्या लिंबाखाली डोळे मिटून उभे राहिले. लांबून आवाज येत होता, पाचवडच्या बाजूनं. "दुसरा गिअर," ते म्हणाले. थोड्या वेळानं, "तिसरा." आवाज बारीक झाला, उसाच्या पलीकडं गेला, आणि पुन्हा मोठा होत आला.

गाडी आवारात येऊन थांबली. बापूंचा चेहरा धुतल्यासारखा होता. आईसाहेबांच्या डोक्यावरचा पदर खाली आला होता आणि केसांत रस्त्याची धूळ होती. त्या उतरल्या, वळल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, हा बापू फार हळू हाकतो. ह्यांच्या निम्म्यानंही नाही. उद्यापासून त्याला जोरात हाकायला सांगा."

सर खो खो हसले. गाव हसलं, बापूही हसले. सगळे ओसरीकडं चहाला गेले, तेव्हा मी मागं वळून पाहिलं. सर गाडीपाशी एकटेच राहिले होते. दिवसभर राबून आलेल्या बैलाच्या पाठीवरून हात फिरवावा तसा त्यांनी तापलेल्या बॉनेटवरून हात फिरवला, आणि वाकून तिच्याच भाषेत काहीतरी हळूच पुटपुटले. मला इटालियन येत नाही. पण ते माफी मागत होते, हे समजायला भाषा यायची गरज नव्हती.